आयला आयली गो बाय!

अंबरनाथच्या एमआयडीसीत खोकल्याची औषधं बनवणारी एक कंपनी आहे. तिथे पॅकिंगच्या खात्यात तुळशी मढवी सुपरवायझर आहे. तिच्या हाताखालच्या बायका रजा मागायला आल्या की कुणाची मावशी आजारी असते, कुणाच्या गावाला जत्रा असते. तुळशीला स्वतःला रजा लागते तेव्हा ती मॅनेजरसमोर उभी राहून सरळ सांगते, "सर, शुक्रवारी 'आउटर हार्बर'चा नवा सीझन येतोय. मी येणार नाही."

पहिल्यांदा मॅनेजरला वाटलं, हिचा नवरा गोदीत कामाला असेल, जहाज-बिहाज लागत असेल. खरं कळल्यावर तो तिच्याकडे बघतच राहिला. चाळिशी ओलांडलेली बाई, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणणारी, मशीन बंद पडलं तर मेकॅनिकच्या आधी हात घालणारी, आणि रजा कशासाठी, तर टीव्हीतल्या अंतराळयानांसाठी! आता त्यालाही सवय झालीय. दिवाळी उलटली की तोच विचारतो, "मॅडम, यंदा तुमचं जहाज कधी लागतंय?"

'आउटर हार्बर' ही परदेशी मालिका. माहितीतले सगळे ग्रह संपतात त्याच्याही पलीकडे अंतराळात एक बंदर आहे. नाना तऱ्हेच्या जीवांची जहाजं तिथे लागतात, दुरुस्त होतात, माल उतरवतात, भांडतात आणि पुढे जातात. तुळशीच्या जन्माच्या आगेमागे ही मालिका सुरू झाली ती अजून चालूच आहे. तेव्हाचे नट म्हातारे झाले, काही गेलेही. मग त्या बंदरातल्या पुढच्या पिढीची मालिका आली, मग बंदर बांधलं जात होतं त्या काळची आली, मधे सिनेमे आले. तुळशीने त्यातलं काही म्हणून सोडलं नाही.

आणि याची सुरुवात झाली ती जांभूळला.

जांभूळ म्हणजे तिचं माहेर, बदलापूरजवळचं गाव. वडील जयदेव तिथल्या पाणीपुरवठा केंद्रावर पंपाच्या पाळीला जात. आई सखू घरच्या वाडीतली भाजी बदलापूरच्या बाजारात नेऊन विकायची. रविवारी बाजाराला तेजी, म्हणून त्या दिवशी तुळशीने आईबरोबर जायचं, हे ठरलेलं. धाकटा भाऊ हितेश लहान होता, तो घरी लोळायचा. जयदेवची साप्ताहिक सुट्टी रविवारची. तो घरची कामं उरकायचा.

एका रविवारी भावकीत कुणाचं तरी दहावं होतं, बाजार बुडाला आणि तुळशी सकाळची घरी राहिली. टीव्ही लावला तर एक नवीच मालिका सुरू होत होती. हिंदीत डब केलेली. नाव 'आखरी बंदरगाह'. हिंदीत बंदर म्हणजे माकड, एवढं हिंदी गावातल्या पोरांना येत होतं. शेजारपाजारची चारपाच जण माकडं बघायला दारात गोळा झाली. अर्धा भाग झाला तरी एकही माकड येईना, तेव्हा हितेशने विचारलं, "ताय, माकरा कंदी येनार?" येणार नाहीत म्हटल्यावर सगळी विटीदांडू घेऊन पसार झाली.

तुळशी मात्र जागची हलली नाही. पडद्यावर त्या बंदराची प्रमुख होती, कमांडर आयला. काचेच्या उंच खिडकीशी उभी राहून ती ठरवत होती, कुठल्या जहाजाला आत जागा द्यायची, कुणाला बाहेर थांबवायचं. मोठमोठी राक्षसासारखी माणसं तिच्यासमोर चुळबुळत होती. तेरा वर्षांच्या तुळशीला बाजार चांगला ठाऊक होता. तिथे बसायला कोपरा मिळवण्यासाठी आईला कुणाकुणापुढे किती गोड बोलावं लागतं, हेही ती बघत आली होती. जागा देणारी बाई ती पहिल्यांदाच बघत होती.

पुढच्या रविवारी आईने पाटी भरली, तशी तुळशी रडायच्या बेताला आली. तोंडाने काही बोलली नाही, पण चुंबळ डोक्यावर बसेना. जयदेवच्या ते लक्षात आलं.

"काय झाला गो बाय?"

तिने सांगितलं.

जयदेव हसला नाही. त्याला ती मालिका म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. पण घरात एक टू-इन-वन होता, भजनाच्या कॅसेटी ऐकायला घेतलेला. तो म्हणाला, "तू जा बाजारान. मी टेप करून ठेवतो."

दुपारी दोघी परत आल्या. तुळशीने हातपाय न धुताच कॅसेट लावली. दारं उघडल्याचे सुस्कारे, भोंगे, कुणीतरी ओरडलं, कुणीतरी पळालं, मधेच मोठा धडाका आणि मग बराच वेळ नुसती घरघर. संवाद होते तेवढे कळले. बाकी सगळा अंधार.

"बाबा, दार उघरला ता समजतं. पन आत कोन आयला?"

 पुढच्या रविवारच्या कॅसेटीत मालिकेच्या आवाजासोबत जयदेवचाही आवाज होता. टेपरेकॉर्डर टीव्हीच्या तोंडाशी ठेवून, शेजारी मांडी घालून तो दिसेल ते सांगत होता:

"हां. आता दरवाजा उघरला. आयला आयली गो बाय! आज केस बांधलेत. कोट घातलाय हलदीच्या रंगाचा. तिच्या मागना तो लांब मानेचा मानूस आयलाय. हिरवा हाय. हिरवा म्हंजे कसा, लावनीच्या भातासारका. हातान कायतरी काचेचा हाय... थांब, सांगतो... कंदील हाय वाटतं. नाय नाय, कंदील नाय. त्यान जिता मासा हाय!"

सखूने हे चुलीपाशी बसून ऐकलं आणि ती उखडली. "पोरीच्या कॅसेटीन आयला-आयला काय लावलंय? शिव्या देतांव का शिकवतांव?"

"अगो, तिचा नावच आयला हाय!"

"असा कुनाचा नाव असतंय?"

असतं म्हणून सांगून सांगून बापलेक थकले. सखूला ते कधी पटलं नाही.

दोन वर्षं हे चाललं. रविवारी जयदेव टेप करायचा. सोमवारपासून तुळशी ती कॅसेट ऐकायची, शेंगा सोलताना, भाजीच्या जुड्या बांधताना, भांडी घासताना. जयदेवही हळूहळू सरावला. आधी तो संवादांवरच बोलायचा, मग थांबून बोलायला शिकला. कधी गोष्टीत इतका रमायचा की सांगायचं विसरायचा. मग एकदम, "अरे, मेला तो!" आणि कोण मेला ते नंतर विचारलं तर त्याला नावच आठवायचं नाही.

मग एक दिवस ती मालिका काही न सांगता बंद झाली. तिच्या जागी कुठलीतरी प्रश्नमंजुषा सुरू झाली. पुढचे दोनतीन रविवार जयदेव टेपरेकॉर्डर घेऊन तयारीत बसला होता.

तुळशी बारावी झाली, अंबरनाथला कंपनीत लागली, तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. त्या काळात उल्हासनगरला चादरी घ्यायला गेली असताना बाजारातल्या एका कॅसेट लायब्ररीच्या दारावर तिला ओळखीचं चित्र दिसलं. काचेची उंच खिडकी, खिडकीशी उभी आयला. ती पिशव्यांसकट आत शिरली. गल्ल्यावर गोप नावाचा तिच्याहून थोडा मोठा सिंधी माणूस बसला होता.

"ये आखरी बंदरगाह है ना?"

गोप उठूनच उभा राहिला. "अदी, तू पहिली आहेस!" तो तसाच बोलतो, हिंदी, मराठी, सिंधी एका ताटात, अदी म्हणजे सिंधीत बहीण. "दुकान उघडल्यापासून हे पोस्टर लावलंय. लोक विचारतात, हिरोईन कोण? कोणी सिरीयलचं नाव नाही घेतलं. तूच पहिली, साईं!"

त्याच्याकडे गाण्यांच्या कॅसेटी होत्या आणि या मालिकेच्या इंग्रजीतल्या सीडीही. तुळशीचं इंग्रजी जेमतेम, पण गोष्ट पाठ होती. तिने हप्त्यांवर नवा रंगीत टीव्ही घेतला होता. पहिली सीडी लावली आणि ती चक्रावलीच. लांब मानेची माणसं हिरवी नव्हती. विटेसारखी तांबडी होती. आयलाचा कोट हळदीच्या रंगाचा नव्हता. राखाडी होता, मळखाऊ. निळा म्हणून ऐकलेला धूर जांभळा निघाला.

रविवारी ती जांभूळला गेली आणि बापाला विचारलं.

जयदेव वाडीत दुध्याच्या मांडवाला दोर बांधत होता. "तवा आपला टीव्ही कुठला व्हता?"

"ब्लॅक अँड व्हाइट."

"मंग? तुला काला-पांढरा सांगून काय फायदा? मीच घातले रंग."

घरातला टीव्ही काळा-पांढरा, हे रोज डोळ्यांसमोर होतं. तरी बाबांना हिरवा रंग कुठून दिसला, हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पडला नव्हता. ती मांडवाखाली बसून पोट धरधरून हसली. जयदेव म्हणाला, "चुकला काय बरोबर आला, ता सांग." बंदराच्या दिव्याला त्याने केशरी म्हटलं होतं. तो खरंच केशरी होता. जयदेव त्या दिवशी खुशीत जेवला.

पुढे तिचं लग्न झालं, राजेंद्र मढवीशी. अंबरनाथ पश्चिमेला त्याचं घर, वायरमनचा धंदा. बघायला आला तेव्हा त्याने एकांतात विचारलं, तुमची काही अट आहे का? तुळशी म्हणाली, "आठवड्यातनं एकदा तासभर टीव्ही माझा. कुणी चॅनल बदलायचं नाही." राजेंद्रला वाटलं होतं, वेगळं राहायचं म्हणेल. तो घाईघाईने हो म्हणाला. अट त्याने आजतागायत पाळलीय. बायको बंदर लावते तेव्हा तो शेजारी येऊन बसतो आणि यानाच्या इंजिनाची घरघर सुरू झाली की बसल्याबसल्या झोपतो. अशी झोप दुसऱ्या कशाने लागत नाही, असं तो चारचौघांत सांगतो.

बंदराच्या पुढच्या सगळ्या मालिका तुळशीने गोपकडून आणून, मग मोबाइलवर, मग मोठ्या टीव्हीवर बघितल्या. हिंदीतही नव्याने डब झाल्या. पण त्यात आयलाचा आवाज वेगळा होता, कोवळा, शाळेतल्या बाईंसारखा. जुन्या हिंदीतली आयला खर्जात बोलायची. थांबायची, मग बोलायची. तो जुना हिंदी आवाज आता कुठेच मिळत नव्हता. ज्यांनी तो केला त्यांचा स्टुडिओ बंद पडला होता, टेपा कुठे गेल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

ही हळहळ तुळशी एकटीचीच नव्हती. मोबाइलवर चाहत्यांचा एक ग्रुप होता. इंदूर, भोपाळ, नागपूर, कुठकुठचे लोक. तो ग्रुप श्रद्धा नावाची बदलापूरची मुलगी चालवायची. ती आवाज जोडण्या-सुधारण्याचंच काम करायची, एका जाहिरातवाल्यांकडे. एकदा श्रद्धाने लिहिलं, जुन्या हिंदी भागांचा एक मिनिटाचाही आवाज कुणाकडे असेल तर सांगा. तुळशीने जेवणाच्या सुट्टीत, हाताला तेल लागलं असताना एका बोटाने उत्तर टाइप केलं: "माझ्याकडे जवळजवळ सगळे आहेत. पण मधे मधे माझे बाबा बोलतात."

श्रद्धा दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या गेटवर हजर. "ताई, खरंच? सगळे? प्लीज मस्करी नका करू हां."

रविवारी दोघी जांभूळला गेल्या. हितेशने माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा उतरवला. कॅसेटी कोरड्या होत्या. सखूने डब्यात कडुलिंबाची पानं घालून ठेवलेली, धान्यात घालतात तशी. एकीला बुरशी आली होती, ती श्रद्धाने हळू हाताने पुसून बाजूला ठेवली. कॅसेटी वाजवायला चालू मशीन हवं होतं. ते गोपकडे होतं. लायब्ररी कधीच मोडली होती, दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असत. पण पोस्टर आणि ते मशीन त्याने टाकलं नव्हतं. महिनाभर श्रद्धा त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत होती. गोप दर अर्ध्या तासाने चहा घेऊन डोकवायचा आणि आयलाचा जुना आवाज ऐकून दारातच थांबायचा.

एक कॅसेट मात्र हातची गेली. सगळ्यात शेवटची. ती लावली तर आयलाऐवजी बायका गाऊ लागल्या. हितेशच्या हळदीला धवलारीण आली होती, लग्नातले धवले गाणारी म्हातारी. सखूने हाताला आली ती कॅसेट घालून तिची गाणी टेप करून घेतली होती. हिंदीत दाखवलेला शेवटचा भाग त्या धवल्यांखाली बुडाला.

बाकीचे भाग श्रद्धाने ग्रुपवर थोडे थोडे ऐकवले. लोक वेडे झाले. पण दोन दिवसांत एकाने इंदूरहून लिहिलं, हे काका फार बोलतात, यांना काढता येईल का? मग दुसऱ्याने, मग चारपाच जणांनी. भाषा कुणी वाईट वापरली नव्हती. त्यांना आयलाचा आवाज ऐकायचा होता आणि नेमका तिथे कुणीतरी गावठी मराठीत मासा जिवंत आहे की मेलेला याची चर्चा करत होतं.

तुळशीने तो मेसेज वाचला आणि मोबाइल उलटा ठेवला.  राग कुणावर करायचा तेच कळत नव्हतं. त्यांचंही चूक नव्हतं.

श्रद्धा म्हणाली, "ताई, सॉफ्टवेअरने आजोबांचा आवाज बराच काढता येईल. पण मी तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

"माझ्या एकटीचं नाही. बाबांना विचारू."

पुन्हा जांभूळ. जयदेव आता पंचाहत्तरीच्या पुढे गेलाय, कानाने थोडा कमी, मोतीबिंदू काढलेला. ओट्यावर बसून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला काहीच वाटलं नाही.

"काढून टाका की! मी हिच्याशी बोलत व्हतो. त्या लोकांना कशाला तरास?"

"तुम्हाला वाईट नाही वाटणार, आजोबा?" श्रद्धाने मोठ्याने विचारलं.

"वाईट कसला? हिने ऐकला, झाला."

 तुळशीला नको म्हणायचं होतं, पण का, ते सांगता येईना. तेवढ्यात सखू आतून भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच बाहेर आली.

"काय काढायचा नाय," ती म्हणाली. "सगले म्हनतान तुळशीने ऐकला, तुळशीने ऐकला. आन मी काय करत व्हती? बाजारान मी पन गेली व्हती ना? भाज्या कोन निवरत व्हता हिच्या समोर बसून? मी त्या आयलेचा एक चित्र पन बघितला नाय. मना समजला ता सगला यांच्याच तोंडाने. यांना काढलात तं माज्यासाठी त्यान काय रहतंय?"

 जयदेव बायकोकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हिला ते सगळं म्हणजे आयला नावाची शिवी.

"तुला आवडत व्हता?" त्याने विचारलं.

"तिचा भाव सापडला का नाय पुढं?" सखू म्हणाली. "तो जहाजावर गेला तो. कॅसेटी बंद झाल्या तवापासना मना समजला नाय."

आयलाचा भाऊ सापडतो. पण तिसऱ्या मालिकेत, म्हातारा होऊन. तुळशीने हे आईला त्या दुपारी, भाकऱ्या थापता थापता सांगितलं. सखूने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "देवाला कालजी."

मग श्रद्धाने दोन्ही केलं. एक प्रत आवाज जमेल तितका स्वच्छ करून. तीत जिथे जयदेव बोललाय तिथे संवाद फाटके निघाले. दुसरी जशीच्या तशी, कोंबड्यांसकट, हितेशच्या ओरडण्यासकट. जयदेव काय म्हणतो ते हिंदीत खाली लिहून. लोकांनी आधी स्वच्छ प्रत ऐकली. मग फाटक्या जागी काय होतं म्हणून दुसरी ऐकली. मग दुसरीच ऐकू लागले. भोपाळच्या एका शिक्षिकेने लिहिलं की तिच्या मुलाला दिसत नाही, खाली लिहिलेलं हिंदी त्याला मोबाइल मोठ्याने वाचून दाखवतो; ही मालिका त्याने जन्मात पहिल्यांदा स्वतःची स्वतः समजून घेतली, आणि आता तो विचारतोय, लावनीचा भात म्हणजे कसला हिरवा? तुळशीने तो मेसेज जयदेवला वाचून दाखवला. त्याने वाडीतला मूठभर पाला खुडून आणला, हुंगला आणि म्हणाला, "तेला सांग, लावनीचा हिरवा हाताला गार लागतो. आन वास येतो पान्याचा." श्रद्धाने ते तसंच कळवलं.

ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंगच्या जागी लोक लिहू लागले, "आयला आयली गो बाय!" अर्थ निम्म्यांना माहीत नव्हता.

हिवाळ्यात गोपने ठरवलं की एकदा सगळ्यांनी भेटायचं. उल्हासनगरला त्याच्या समाजाचा हॉल आहे, रविवारची दुपार ठरली. वीसपंचवीस जण येतील असं वाटलं होतं. खुर्च्या शेजारच्या मंडपवाल्याकडून मागवाव्या लागल्या. कुणी हळदी रंगाचे कोट शिवून घालून आले होते. मालिकेत तो कोट राखाडी आहे, हे त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. दारात गोपच्या बायकोने दाल-पकवान मांडलं होतं. राजेंद्रने सकाळपासून वायरी ओढून पडदा आणि स्पीकर लावून दिले, आणि आपण जागं राहू याची खात्री नाही म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसला.

श्रद्धाच्या मनात एक बेत होता. धवल्यांखाली बुडालेला तो शेवटचा भाग. चित्र होतं, हिंदी आवाज नव्हता. तो आज आवाजाशिवाय लावायचा आणि जयदेवआजोबांनी तो सांगायचा. जयदेव आधी नाहीच म्हणाला. मग सखू म्हणाली, "घरान तं लय बोलतांव," तेव्हा तयार झाला.

पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. त्याला पडद्याच्या बाजूला खुर्चीवर बसवलं, हातात माइक दिला. दिवे मंद केले. पडद्यावर बंदर उजळलं, रंगीत, भिंतीएवढं मोठं. दार उघडलं. आयला आत आली.

जयदेव काही बोलला नाही.

ती खिडकीशी गेली. लांब मानेचा तांबडा माणूस तिच्याशी ओठ हलवत बोलू लागला.  जयदेव माइक धरून बसलेला. श्रद्धा पुढे सरकली, तुळशीही उठली.

"बाबा, काय झालं?"

"यांना दिसतंय ना सगला," जयदेव हळूच म्हणाला. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "डोले हान लोकांना. मी काय सांगू?"

 तुळशीने आपली खुर्ची उचलली, बापाच्या समोर आणून ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून बसली.

"मला नाही दिसत," ती म्हणाली. "सांगा."

जयदेवने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. घसा साफ केला.

"हां... आयला आयली गो बाय. खिरकीशी उभी हाय. दमलीय. कोट..." तो अडखळला. राखाडी कोट त्याला चांगला दिसत होता. "कोट हलदीचाच हाय. पन जुना झालाय आता, धुऊन धुऊन रंग गेला."

हॉलमधून हसू आणि टाळ्या एकदम उठल्या. पुढे तो थांबलाच नाही. जहाज लागलं, दिवा विझला, लांब मानेचा माणूस अंधारात चाचपडला, आयलाने हाताने दिवा पेटवला. संवाद ऐकू येत नव्हते, म्हणून त्याने आपल्या मनचे घातले. इंदूरचा तो माणूस पहिल्याच रांगेत होता, ज्याने काकांना काढा म्हटलं होतं. त्याला एक अक्षरही कळत नसणार, पण तो गुडघ्यावर कोपरं टेकून, जयदेवच्या तोंडाकडे बघत बसला होता. तुळशीने अख्खा भाग ऐकला. हा भाग तिने इंग्रजीत कितीतरी वेळा बघितला होता. पण पाठीमागे काय चाललंय हे वळून बघावंसं तिला एकदाही वाटलं नाही.

नंतर फोटो झाले. इंदूरवाल्याने जयदेवला वाकून नमस्कार केला आणि हिंदीत बरंच काही बोलला. जयदेवने त्याला विचारलं, "जेवलास का?" भोपाळच्या शिक्षिकेने मुलासाठी सगळं टेप करून घेतलं होतं. राजेंद्र जागाच राहिला होता. याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. यानाचा आवाज बंद होता ना, असं तो म्हणाला.

हॉलमधून बाहेर पडताना ऊन उतरलं नव्हतं. आता उल्हासनगरला आलोच आहोत तर, असं सखूने काढलं, आणि मग गोप पुढे, बाकीचे मागे, अशी वरात त्याच्या मेहुण्याच्या दुकानात शिरली. जयदेवला दोन नाइट पँट घ्यायच्या होत्या, खिसेवाल्या. मेहुण्याने गठ्ठा उलगडला. जयदेव प्रत्येक पँटच्या खिशात मूठ घालून बघत होता, मोबाइल राहतो का. तुळशी दारात उभी होती. ग्रुपवर मेसेज धडाधड येत होते. पुढची भेट कुठे, नागपूरला की इथेच, आजोबा येतील ना. तिने दोनचार वाचले, हसली.

"तुळशे, आत ये गो!" सखूने हाक मारली. "हे सेठ दीडशेला अरून बसलेत. तू बोल यांच्याशी."

तुळशीने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि घासाघीस करायला आत गेली.